एचओ डिझेलचे दिवे: एक पावसाळा आणि एक हिवाळा चालवून पाहिल्यावर

निकाल आधी सांगतो, कारणं नंतर. एचओ (म्हणजे 87 पट लहान) मॉडेल इंजिनातले कंपनीचे बल्ब बदलायचे असतील तर तीन एमएमचा वॉर्म व्हाइट एलईडी, जोडीला सगळे सांगतात त्यापेक्षा मोठा रेझिस्टन्स आणि फंक्शनचा, म्हणजे प्रत्येक दिव्याचा, उजेड कमी-जास्त करू देणारा डीकोडर (रुळातून आलेले आदेश वाचून मोटर आणि दिवे चालवणारं, इंजिनात बसणारं छोटं सर्किट), एवढं पुरतं. ज्यांना मार्कर (टोकाचे छोटे लाल दिवे), कॅबमधला दिवा, फ्लॅशर, डिच लाइट (पुढे खालच्या बाजूचे जादा दिवे) असं सगळं हवंय त्यांच्यासाठीही खाली लिहिलंय. पण मॉडेलमध्ये खटकतो तो कमी पडलेला उजेड नव्हे, जास्त झालेला उजेड. इतके महिने चालवून माझं मत तेवढंच पक्कं झालंय.

गाड्या कोणत्या ते सांगतो. दोन अमेरिकन अल्को डिझेल आहेत, त्यांना मी आपल्या डब्ल्यूडीएम-2 चा रंग दिलाय. हे नातं ओढूनताणून आणलेलं नाही. डब्ल्यूडीएम-2 हे मुळात अल्कोचंच डीएल560सी, 1962 पासून भारतात आलेलं आणि पुढे वाराणसीच्या डिझेल कारखान्यात बनत राहिलेलं. पुण्यातल्या घोरपडीच्या शेडमध्ये ही इंजिनं पाहत मोठे झालेले लोक माझ्या मॉडेलच्या हुडमधला आणि बोगीतला फरक दोन सेकंदांत पकडतात. रूळही मुळात चुकीचेच आहेत. एचओचे 16.5 मिलिमीटरचे रूळ 1435 मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचे 87 पट लहान रूप आहेत. आपला 1676 चा ब्रॉडगेज त्याच प्रमाणात करायचा तर 19 मिलिमीटरच्या वर जायला हवं. तिकडे काणाडोळा करायचा हे ठरलेलं आहे. तिसरं इंजिन अमेरिकन डिझेल जीपी38-2, त्याला नॉरफोक सदर्न या तिकडच्या रेल्वे कंपनीचा काळा रंग, म्हणजे त्याचं स्वतःचंच. शिवाय आयसीएफ डब्यांचा एक छोटा रेक.

कंपनीकडून आलेले बल्ब वाईट नव्हते. रंगाच्या बाबतीत तर आजही एलईडीपेक्षा सरस. पण 14 व्होल्टवर 50 मिलिअँपिअर खाणारा बल्ब म्हणजे पाऊण वॉटच्या आसपास उष्णता, तीही बंद प्लॅस्टिकच्या नाकात. तासभर यार्डात दिवा लावून इंजिन उभं राहिलं की हुडवर बोट ठेवलं तरी कळायचं. एका अल्कोच्या बल्बसमोरचं प्लॅस्टिक आतून किंचित मऊ होऊन वाकलं, तेव्हा बदलायचं ठरलं. त्याच जागी 3 मिलिअँपिअरवर चालणारा पांढरा एलईडी जवळपास 10 मिलिवॉट खातो. उरलेला व्होल्टेज रेझिस्टन्सवर जातो, पण तो कुठेही लांब, चॅसीच्या धातूजवळ ठेवता येतो.

एलईडी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून घेतले. काउंटरवरच्या काकांना वॉर्म व्हाइट मागितले तर त्यांनी पिशवीतून मूठभर काढून समोर ठेवले. "साहेब, सगळे वॉर्मच आहेत." मी म्हटलं, "काका, जरा लावून दाखवता का?" त्यांनी टेस्टरवर एकेक पेटवून दाखवला. एकाच पिशवीतले, पण चार मस्त पिवळसर, दोन लिंबू रंगाचे आणि एक चक्क निळसर. काका हसले आणि म्हणाले, "लॉट मिक्स आहे, निवडून घ्या." ही सोय ऑनलाइन खरेदीत नसते. बाहेरच्या एका विक्रेत्याकडून तारा जोडलेले तयार एसएमडी (चिपसारखे बारीक एलईडी) मागवले होते. पाकिटावर 3000 केल्विन लिहिलेलं, प्रत्यक्षात दवाखान्यातल्या ट्यूबचा रंग.

आणि रंग हाच या कामाचा गाभा आहे. साधा तारेचा बल्ब 2700 केल्विनच्या आसपास, हॅलोजन 3000 च्या. जुन्या डब्ल्यूडीएम-2 चा हेडलाइट पिवळाच दिसायचा. पांढरा एलईडी बाजारात आला तोच 1996 च्या सुमारास, आणि सुरुवातीचे सगळे पांढरे एलईडी निळ्याकडे झुकणारे होते. त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या रंगातलं इंजिन आणि त्याच्या कपाळावर 6000 केल्विनचा झगझगीत ठिपका, हे जमत नाही. हल्ली आपल्या रेल्वेची इंजिनंही एलईडी हेडलाइटवर जातायत, तेव्हा आजच्या काळातलं विजेवरचं डब्ल्यूएपी-7 करत असाल तर पांढरा चालेल, चालेल काय, तोच बरोबर. माझ्या अल्कोंसाठी नाही. ज्या एलईडीचा रंग थोडा बाहेर जात होता त्यांच्या डोक्यावर तामियाचा क्लिअर ऑरेंज, एक्स-26, पातळ करून एक हात मारला. दोन हात मारले तर दिवा सोडिअमचा वाटायला लागतो.

आता रेझिस्टन्स. सगळीकडे 1 किलोओहम सांगतात. डीसीसीवर (रुळातून डिजिटल आदेश पाठवून गाडी चालवायच्या पद्धतीत) डीकोडरच्या निळ्या, सामाईक पॉझिटिव्ह तारेवर 14 व्होल्ट धरा, पांढऱ्या एलईडीचे 3 वजा करा, राहिले 11, म्हणजे 11 मिलिअँपिअर. आजच्या एलईडीला हा करंट फार होतो. खोलीतले दिवे मालवले की इंजिनाच्या पुढचा सगळा यार्ड उजळून निघतो आणि हेडलाइटची काच, तिची कड, आतलं रिफ्लेक्टरचं रिंग काहीच दिसत नाही, फक्त एक पांढरा गोळा. मी हेडलाइटला 3.3 किलोओहम आणि मार्करच्या लाल एलईडींना 10 किलोओहम लावले. लाल एलईडी 2 व्होल्टचा, म्हणजे 10 किलोओहमवर त्याला 1 मिलिअँपिअरच्या जरा वर करंट मिळतो, आणि तेवढा पुष्कळ झाला.

कुणी म्हणेल, 1 किलोओहमच ठेवा आणि उजेड डीकोडरमधून कमी करा. होतं तसंही. माझ्याकडच्या ईएसयू कंपनीच्या लोकपायलट डीकोडरमध्ये प्रत्येक आउटपुटला 0 ते 31 अशी उजेडाची पातळी देता येते. पण डीकोडर उजेड कमी करतो तो दिवा वेगाने चालू-बंद करून. डोळ्याला ते कळत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्याला कळतं. गाडीचा व्हिडिओ काढला की हेडलाइट थरथरतो किंवा त्यात पट्टे फिरतात. पातळी खूप खाली असेल तेवढं हे जास्त. म्हणून मोठा रेझिस्टन्स लावून पातळी 31 च्या जवळ ठेवायची आणि सीव्हीतून (डीकोडरमधल्या सेटिंगच्या आकड्यांतून) फक्त शेवटची बारीक जुळवणी करायची. ग्रुपवर व्हिडिओ टाकायची सवय असलेल्यांना याचा उपयोग होईल.

डीकोडरमध्ये एक सोय फारच आवडली: दिवा हळूहळू पेटणं आणि हळूहळू विझणं. जुन्या हेडलाइटची तार तापायला अर्धा क्षण घ्यायची, तसा भास होतो. एलईडी एरवी भक्कन पेटतो आणि भक्कन विझतो, आणि त्या एका गोष्टीनं मॉडेल खेळण्यातलं वाटतं. रंग, उजेड आणि हे मंदपण अशा तिन्ही गोष्टी जुळल्या की समोर बल्ब आहे का एलईडी, हे मित्रांना ओळखता येत नाही.

वायरिंगबद्दल फार लिहीत नाही, कारण एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेने ठरवलेल्या तारांच्या रंगांमुळे ते सरळ आहे. लाल आणि काळी रुळांकडून, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या दिव्याला, निळी सगळ्यांची सामाईक पॉझिटिव्ह, हिरवी आणि जांभळी जादा फंक्शनना. एवढंच सांगतो की एकच रेझिस्टन्स निळ्या तारेत घालून मोकळं व्हायचा मोह टाळा. दोन दिवे एकदम लागले की दोघांत करंट वाटला जातो आणि हेडलाइट मिणमिणतो. प्रत्येक दिव्याला त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स, तोही त्याच्या पांढऱ्या किंवा पिवळ्या तारेत. बारीक एसएमडीसाठी मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून वाइंडिंगची बारीक तार घेतली, जवळपास फुकट मिळाली. 0603 म्हणजे 1.6 बाय 0.8 मिलिमीटर, ते चष्मा लावून जमतं. 0402 म्हणजे 1 बाय 0.5. तो चिमट्यातून उडाला की फरशीवर शोधण्यात अर्थ नाही, दुसरा घ्यायचा.

उजेड गळणं हा वेगळाच ताप. फिकट रंगाची बॉडी असेल तर एलईडी लावल्यावर इंजिनाचं नाक आकाशकंदिलासारखं आतून उजळतं. बाहेरून रंग कितीही चढवला तरी ते जात नाही, आतून काळा रंग मारावा लागतो आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमची टेप. एलईडीच्या अंगावर काळी हीट-श्रिंक स्लीव्ह चढवून फक्त टोक उघडं ठेवलं की उरलेली गळतीही थांबते. टेप लावताना तारेला घासणार नाही, एवढं बघा. त्या टेपमधून वीज वाहते. मी मध्ये वीज न वाहणाऱ्या कॅप्टॉन टेपचा थर दिला.

आता मुद्दा पावसाळ्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या गच्चीवरच्या खोलीत ठेवलेल्या रुळांचं काय होतं, हे परदेशी हौशी मंडळींना सांगून पटणार नाही. निकेल-सिल्व्हरचे असले तरी त्यांच्यावर एक काळपट थर येतो, धूळ चिकटते आणि चाकांवर त्याचा लेप बसतो. बल्ब असताना याचा पत्ता लागत नव्हता, कारण गरम तार क्षणभर वीज तुटली तरी विझत नाही. एलईडी लगेच विझतो. त्यामुळे पहिल्या पावसातच दोन्ही अल्को लुकलुकू लागल्या. वळणावर आणि पॉइंटवर (रूळ फुटतात तिथे) तर हमखास. मला आधी सोल्डरचा संशय आला, पण सगळे जोड ठीक होते, घाण चाकांवर होती. एलईडी बसवल्यावर रूळ पुसणं हे टाळता येणारं काम राहत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेलं सुती फडकं, आणि चाकांसाठी टिश्यू पेपर रुळावर आडवा टाकून त्यावर इंजिन धरून चाकं फिरवायची. पॉलिश पेपर लावू नका. बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत पुढची घाण आणखी घट्ट बसते.

तरीही पॉइंटवर लुकलुकणं पूर्ण जात नव्हतं, म्हणून एका अल्कोत कीप-अलाइव्ह, म्हणजे रुळाची वीज तुटली तरी क्षणभर ती पुरवणारा कपॅसिटर, बसवला. तयार मिळतात, पण मी 2.7 व्होल्टचे, 1 फॅरडचे सहा सुपरकपॅसिटर सीरिजमध्ये घातले. लोक पाचच घालतात आणि 13.5 व्होल्टवर थांबतात. पण घरच्या कमांड स्टेशनवर (रुळांना वीज आणि आदेश देणाऱ्या यंत्रावर) रुळावर 15 व्होल्ट दिसत असताना पाचवर विसंबणं बरं नव्हे. सहा घातले की 16.2 होतात. चार्जिंगसाठी 100 ओहम आणि उलट दिशेने डायोड घालायला हवा. नाहीतर स्विच चालू करताच कपॅसिटर एवढा करंट ओढतो की कमांड स्टेशन शॉर्ट समजून ट्रिप होतं. फरक बघण्यासारखा आहे. रूळ बोटाएवढा मळलेला असला तरी दिवा हलत नाही आणि इंजिन अडखळत नाही. एक तोटा लक्षात ठेवा: प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर सीव्ही वाचताना हा कपॅसिटर आडवा येतो, वाचन चुकतं किंवा होतच नाही. मी एका तारेत बारीक प्लग घालून ठेवलाय. सीव्ही बदलायचे असले की तो उपटायचा. बॉडी उघडावी लागते, पण ते काम रोजचं नाही. दुसऱ्या अल्कोत जागा नाही, तिला पुसूनच चालवतो.

फॅन्सी दिव्यांकडे येऊ. डीकोडरच्या यादीत अमेरिकन दिव्यांची रेलचेल असते: मार्स लाइट, जायरालाइट, रूल 17, डिच लाइट, दोन-तीन तऱ्हेचे स्ट्रोब. त्यांतले बहुतेक आपल्या गाड्यांच्या कामाचे नाहीत. आपल्या इंजिनावरचा फ्लॅशर, म्हणजे शेजारच्या मार्गावरच्या गाडीला धोक्याचा इशारा देणारा तो पिवळा-नारिंगी दिवा, यादीत नावानं सापडत नाही. पण साधा फ्लॅशिंगचा पर्याय निवडून वेळ हळू ठेवली की तो बनतो. फक्त तो फंक्शनच्या बटणावरच ठेवावा. मी पाहिलेल्या काही लेआउटवर तो गाडी चालताना कायम लुकलुकत असतो. तो आणीबाणीचा दिवा आहे, सजावटीचा नव्हे.

जीपी38-2 वर डिच लाइट लावले. अमेरिकेत 1997 अखेरपासून ताशी 20 मैलांपेक्षा जास्त वेगाने फाटक ओलांडणाऱ्या पुढच्या इंजिनाला जादा दिवे सक्तीचे झाले, त्यामुळे त्यानंतरच्या काळातलं इंजिन त्यांच्याशिवाय अपुरं दिसतं. काही रेल्वे कंपन्यांच्या इंजिनांवर भोंगा वाजला की ते आळीपाळीने लुकलुकतात. इंजिनाच्या पुढच्या, चालायच्या फळीखाली 0603 बसवून तारा पायदानाच्या आतून वर नेल्या. दिसायला सुरेख, पण इंजिन हाताळताना अंगठा नेमका तिथेच पडतो आणि तार तुटते. दोनदा जोडली, आता इंजिन बॉडीला धरूनच उचलतो आणि घरातल्या कुणालाही हात लावू देत नाही. कॅबमधला दिवा मात्र काढून टाकला. इंजिन चालताना ड्रायव्हर कॅबमध्ये दिवा लावून बसत नाही, समोर दिसेल काय त्याला? स्टेशनात उभं असतानाच तो शोभतो, आणि तेवढ्यासाठी एक फंक्शन खर्ची घालणं जिवावर येतं.

डब्यांचे दिवे हा या खटाटोपातला सगळ्यात समाधानाचा भाग. 12 व्होल्टची साधी एलईडी पट्टी, तीन-तीन एलईडींवर कापता येणारी, ब्रिज रेक्टिफायर, 470 मायक्रोफॅरडचा 25 व्होल्टचा कपॅसिटर आणि चाकांना पितळी पत्तीचे पिकअप, एवढाच मामला. पट्टी आहे तशी लावली तर डबा दुकानाच्या शोकेससारखा दिसतो, आणि पाच डबे मिळून अर्धा अँपिअर सहज खातात. मी पट्टीच्या आधी एक रेझिस्टन्स घातला आणि उजेड पुष्कळ खाली आणला. आमच्या कमांड स्टेशनमधून दोन अँपिअरच मिळतात, तेव्हा करंटच्या दृष्टीनेही ते बरंच झालं. प्रत्येक स्लीपर डब्यात मधोमध एक निळा 0603 लावलाय, आपल्या डब्यांत रात्री लागणारा तो निळा दिवा. मोठे दिवे बंद झाले की तेवढाच राहतो. आत कागदाचे प्रवासी बसवले होते, ते निळ्या उजेडात खरोखर झोपल्यासारखे दिसतात. शेवटच्या डब्याच्या पाठीमागे एलव्हीची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) छोटी पाटी आणि तिच्याखाली लुकलुकणारा लाल दिवा लावला. आतल्या आत लुकलुकणारा तीन एमएमचा लाल एलईडी मिळतो, त्याला वेगळं सर्किट लागत नाही. पुण्यातलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहून आलेल्या पाहुण्यांना माझ्या खोलीत इंजिनापेक्षा हा शेवटचा लाल दिवाच लक्षात राहतो, असा अनुभव आहे.

ज्यांच्याकडे अजून डीसी आहे, म्हणजे डीकोडरशिवाय रुळावरचं व्होल्टेज कमी-जास्त करून जे गाडी चालवतात, त्यांनी हिरमुसू नये. पुढच्या आणि मागच्या दिव्याचे दोन एलईडी एकमेकांना उलटे समांतर जोडा, दोघांना मिळून एक 1 किलोओहम. गाडीची दिशा बदलली की दिवा आपोआप बदलतो, आणि एक पेटलेला असताना दुसऱ्याला उलट व्होल्टेजचा फटका बसत नाही. अडचण एकच: गाडी उभी असताना दिवा बंद, आणि हळू चालताना मंद. त्यावर मोटरच्या सीरिजमध्ये डायोड टाकून व्होल्टेज अडवायची जुनी युक्ती आहे. दीड व्होल्टच्या बल्बला प्रत्येक दिशेला दोन डायोड पुरतात, पांढऱ्या एलईडीला चार-पाच लागतात. मग गाडीचा सर्वात जास्त वेग तेवढा कमी होतो. घरातल्या लेआउटवर तो कमी झालेला बराच, सगळेच गाड्या फार पळवतात.

खर्चाचं सांगायचं तर दिवे स्वस्त आहेत, एलईडी आणि रेझिस्टन्स मिळून इंजिनामागे शंभर रुपयेही होत नाहीत. पैसा जातो डीकोडरमध्ये. साधा, आवाज नसलेला डीकोडर हातात पडेपर्यंत तीन-चार हजारांच्या घरात गेला. इंजिनांचं तर विचारूच नका. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70. स्केल मॉडेल त्याच शीर्षकाखाली येतात. म्हणून माझा सल्ला, नवीन इंजिन मागवण्यापेक्षा आहे त्या इंजिनाला चांगला डीकोडर आणि दिवे द्या. हल्ली मोबाइलवरून ब्लूटूथने चालणारे डीकोडरही आलेत, हॉर्नबीचे 2023 पासून मिळतायत. कमांड स्टेशनचा खर्च वाचतो, त्यामुळे नवशिक्यांना ते ओढून घेतील असं वाटतं. माझ्याकडे डीसीसीचा पसारा आधीच झालाय, तेव्हा मी त्या वाटेला गेलो नाही. पुढच्या पावसाळ्याआधी दुसऱ्या अल्कोच्या टाकीतलं वजन थोडं कापून तिच्यातही कपॅसिटर बसवायचा विचार आहे. वजन कमी झालं तर चढावर चाकं घसरतील का, हे आधी बघावं लागेल.